डावी कूस

वॉर्डात सगळे ज्यांना काका म्हणत त्या बेशुद्ध पेशंटच्या डाव्या खुब्यावर घड्याळबाईंनी अंगठा दाबला, थोडा वेळ तसाच धरला आणि उचलला. अंगठ्याखालची कातडी क्षणभर फिकी पडून पुन्हा पहिल्यासारखी व्हायला हवी होती. ती फिकी पडलीच नाही. काका सावळे, त्यामुळे लाली अशी डोळ्यांत भरत नव्हती. बाटलीच्या झाकणाएवढा एक जांभळट गोल होता, तोही दिवा जवळ ओढला तेव्हा दिसला.

“इकडे हात लाव,” त्या धाकटीला म्हणाल्या.

धाकटी म्हणजे अतिदक्षता विभागातली सगळ्यांत नवी सिस्टर. तिने बोटांची मागची बाजू आधी डाव्या खुब्याला लावली, मग उजव्या.

“गरम लागतंय, ताई. आणि घट्ट. कच्च्या फळासारखं.”

“फुटलंय?”

“नाही.”

“आज नाही,” घड्याळबाई म्हणाल्या आणि त्यांनी चादर खाली ओढली.

त्यांचं हे नाव वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी ठेवलं होतं. डॉक्टर कुणाशीही काहीही बोलत असले तरी वेळ झाली की बाई मध्येच येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, पेशंटची कूस बदलायची आहे, जरा बाजूला व्हा. आपण सगळे झोपेत हलत असतो. हात दुखला की हात काढून घेतो, पाय बधिर झाला की पाय. कुणी शिकवलेलं नसतं आणि सकाळी आठवतही नाही. बेशुद्ध माणसाचं हेच हलणं बंद पडतं. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी अडकून बसते, तिथे रक्त पोचत नाही आणि ती आतल्या आत मरायला लागते. वरून दिसतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून जे काम माणूस झोपेत स्वतः करतो ते त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी जागेपणी करायचं असतं. एवढंच ते काम. पण काका उंच आणि हाडापेराने मोठे, त्यांना वळवायला दोघी लागायच्या, आणि दोघी एकाच वेळी मोकळ्या सापडणं हीच त्या वॉर्डातली सगळ्यांत अवघड गोष्ट होती.

वॉर्डात हवेच्या गाद्या दोनच. एकीची मोटर दुरुस्तीला गेली होती ती अजून आली नव्हती, आणि दुसरी दाराजवळच्या पेशंटखाली होती, त्याची अवस्था काकांहून वाईट होती. शिवाय सुरुवातीला काकांना जरा हलवलं की रक्तदाब कोसळायचा, तेव्हा डॉक्टरांनीच हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. आता रक्तदाब ठीक होता, पण त्या दिवसांची भीती काही सिस्टरांच्या हातांत अजून शिल्लक होती. बाईंनी डॉक्टरांना खुबा दाखवला. ते म्हणाले, माणूस जगला तर कातडी भरून येईल हो. बाई म्हणाल्या, कातडी गेली तर तिथूनच जंतू आत शिरतील आणि मग तुम्हीच मला विचाराल. डॉक्टर हसले, पण वाकून त्यांनी खुबा पुन्हा एकदा नीट पाहिला.

खरा प्रश्न वेगळाच होता. डाग फक्त डाव्या खुब्यावर होता. उजवा स्वच्छ. पाठीच्या खाली, माकडहाडाशी किंचित लाली होती, पण दाबलं की जात होती. वॉर्डात कूस बदलायची ती पाठीमागे तिरकी उशी लावून, जराशी, दार अर्धवट उघडं ठेवावं तशी. खुब्याच्या हाडावर पूर्ण भार येऊच नये म्हणून तर ती पद्धत. मग हाडाच्या बरोब्बर टोकावर डाग आला कुठून?

इन्चार्ज बाईंनी दोघींना टेबलाशी बोलावलं. दुपारच्या पाळीत काकांची खाट धाकटीकडे असे, आजच तेवढी ती सकाळी आली होती. त्यामुळे इन्चार्ज बाईंची नजर कुणाकडे गेली ते सांगायला नको. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की जखम फुटली तर वर कळवावं लागेल आणि मग विचारपूस होईल, त्याआधी काय ते मला खरं सांगून टाका. धाकटीचे कान लाल झाले.

“मी खाटेपाशी जाते तेव्हा ते डाव्याच कुशीवर असतात,” ती म्हणाली. “मला वाटतं, ताईंनी जाताना करून दिलं.”

“मी जाताना उजव्या कुशीवर ठेवते. रोज.”

“तुम्ही म्हणता ना, कूस झाली.”

हे खरं होतं. पाळी बदलताना सगळ्या सिस्टर टेबलाशी जमत आणि एकेका खाटेचं सांगत. ताप, रक्तदाब, लघवी, औषधं, आणि शेवटी दोन शब्द: कूस झाली. कुठली कूस, ते कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. येणारीला एवढंच हवं असे की लगेच वळवायला नको, कारण दुपारी नेमके शस्त्रक्रियेचे पेशंट वर येत आणि मग श्वास घ्यायला फुरसत नसे.

“आणि मी काकूंना विचारतेसुद्धा,” धाकटी म्हणाली. “आत्ताच फिरवलं ना, म्हणून. त्या हो म्हणतात.”

“काकू हो म्हणतात?”

“हो, आत्ताच, असं म्हणतात.”

इन्चार्ज बाई आणि घड्याळबाई एकमेकींकडे बघत राहिल्या. काकू, म्हणजे काकांची बायको. रोज दोन वेळा यायच्या. त्यांना वॉर्डात न ओळखणारं कुणी नव्हतं, कारण त्यांचं बोलणं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाई. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं की काकांशी बोलत राहा, ओळखीचा आवाज कानावर पडलेला बरा. काकूंनी ते औषधासारखं मनावर घेतलं होतं. काकांना ऐकू कमी येई, म्हणून त्या पडदा ओढून घेत आणि पडद्याआडून मोठ्याने घरच्या बातम्या सांगत. मोरीतला नळ कसा गळतो, दुरुस्तीवाला येतो म्हणून येत नाही, शेजारच्यांनी जिन्यात सायकल ठेवली ती अजून हलवलेली नाही. त्याच वेळी टेबलाशी पाळी बदलत असे, त्यामुळे तापाच्या नि रक्तदाबाच्या मधून मधून नळ यायचा. वॉर्डातल्या मावशी तर घरी जाण्याआधी थांबून ऐकायच्या, दुरुस्तीवाला आला का म्हणून.

त्या दुपारी पाळी संपली तरी घड्याळबाईंनी चप्पल बदलली नाही. त्या काकांच्या शेजारच्या रिकाम्या खाटेची चादर घालत बसल्या. मधल्या पडद्याला एक फट होती.

काकू आल्या. हात धुतले, पिशवी खाटेच्या पायाशी ठेवली, पडदा ओढला. काका उजव्या कुशीवर होते. काकूंनी त्यांच्या पाठीमागची तिरकी उशी काढून घेतली. काकांना उताणं होऊ दिलं. लघवीची नळी नीट बाजूला घेतली, अंगाखाली येणार नाही अशी. मग त्यांचा उजवा गुडघा उभा केला, उजवा हात छातीवर आडवा ठेवला, एक तळवा खांद्याशी, एक कमरेमागे, आणि एक हलकासा झोका दिला. एवढा मोठा माणूस न कुरकुरता डाव्या कुशीवर वळला. दोघी सिस्टर दम लागेपर्यंत जे करत ते त्या ठेंगण्या बाईंनी एकटीने, श्वासही जड न होऊ देता केलं होतं. मग त्यांनी तिरकी उशी उभी करून पाठीशी घट्ट सारली, म्हणजे ते मागे पडणार नाहीत. काका आता पुरते कुशीवर वळलेले होते, सगळा भार खुब्याच्या टोकावर.

काकू स्टूल ओढून बसल्या आणि वर आलेल्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या की आज पाणी लवकर गेलं. बोलता बोलता त्या स्टुलावर सारख्या इकडून तिकडे सरकत होत्या.

घड्याळबाईंनी पडदा सारला. काकू दचकल्या, पण उठल्या नाहीत.

“काकू, हे तुम्ही रोज करता?”

“हो. का?” काकूंनी सरळ विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही नव्हतं. “त्यांचा डावा कान गेलेला आहे, बाई. छापखान्यात यंत्र डाव्या हाताला होतं. आयुष्य गेलं त्या आवाजात. उजव्याने येतं, मोठ्याने बोललं की. तुम्ही लोक नेमका चांगला कान उशीत घालून ठेवता. मग मी कुणाशी बोलू, भिंतीशी?”

“आणि वळवता कशा एकट्या?”

“ते होय.” काकू जराशा ओशाळल्या. “घोरायचे ना. लग्न झाल्यापासून रोज रात्री वळवत आले. त्यांना पत्ताही नाही.”

घड्याळबाईंना हसू आलं आणि ते तिथेच थांबलं. त्यांनी पलीकडच्या बाजूने जाऊन काकांना मागे घेतलं, चादर वर केली आणि काकूंना बोलावलं. काकू वाकल्या. त्यांना आधी काही दिसलं नाही. बाईंनी दिवा जवळ ओढला.

“पडले का कुठे?”

“पडले नाहीत. इथे भार येतोय. एकाच जागी, फार वेळ.”

काकूंनी बोट त्या गोलावर ठेवलं, जसं ताप बघायला कपाळावर ठेवतात. मग बोट काढून घेऊन हात पदरात धरला.

“हे मी केलं?”

अशा वेळी नाही म्हणणं सोपं असतं. घड्याळबाईंनी स्टूल काकूंकडे सरकवलं आणि स्वतः खाटेच्या कडेला टेकल्या. तुम्ही आल्यापासून किती वेळा सरकून बसलात, त्यांनी विचारलं. काकूंना कळेना. मी बघत होते, बाई म्हणाल्या, या टणक स्टुलावर तुम्ही सारख्या इकडून तिकडे होता. का? दुखतं म्हणून, काकू म्हणाल्या. मग त्या थांबल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं.

“त्यांना सरकता येत नाही,” घड्याळबाई म्हणाल्या. “म्हणून आम्ही सरकवतो. चादर बदलायला नाही वळवत आम्ही, काकू. आणि हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. मीही नाही. हे तुमचं एकटीचं नाही.”

काकूंनी विचारलं की आता काय करायचं. बाईंनी समजावलं. डाव्या खुब्यावर आता अजिबात भार नको. सकाळभर ते उताणेच असतात, नळीतून अन्न, तपासण्या, डॉक्टरांची फेरी, सगळं त्याच स्थितीत करावं लागतं, आणि माकडहाडाशीही जरा लाली आहेच. म्हणजे तुमच्या दोन्ही वेळा उजवी कूस. दुसरा उपाय नाही.

“आणि कान?”

“कान उशीत जाणार.”

“किती दिवस?”

“ते कातडी सांगेल.”

काकूंनी मान हलवली. मग दोघींनी मिळून काकांना उजव्या कुशीवर घेतलं. या वेळी काकूंनी उशी अगदी बाईंनी दाखवली तशी लावली आणि दुसरी पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी राहतील अशी. काम झालं तेव्हा काकांचा चेहरा खाटेच्या दुसऱ्या बाजूला होता. काकू वळसा घालून तिकडे गेल्या आणि बसल्या. समोर डावा कान होता. त्यांनी तो पहिल्यांदाच बघावा तसा पाहिला. पिशवी मांडीवर घेतली. वेळ संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

इन्चार्ज बाईंना घड्याळबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, आपल्या दोन शब्दांसकट. त्या दिवसापासून पाळी बदलताना प्रत्येकीने कूस झाली म्हटल्यावर कुठली तेही म्हणायचं असं ठरलं. दोन-तीन दिवस सगळ्या विसरायच्या आणि मग एकदम म्हणायच्या, उजवी, उजवी. धाकटीला घड्याळबाईंनी एकटं गाठून सांगितलं की मला तुझा संशय आला होता. धाकटी म्हणाली, मलाही तुमचा आला होता, ताई. त्यावर दोघी जरा हसल्या आणि कामाला लागल्या.

पण काकू बोलेनात. त्या यायच्या, हात धुवायच्या, काकांचा पंजा हातात धरायच्या आणि गप्प बसायच्या. टेबलाशी पाळी बदलताना आता मधला आवाज नव्हता, आणि कधी नव्हे ती सगळ्यांना एकमेकींची माहिती पूर्ण ऐकू येत होती. मावशी तिसऱ्या दिवशी घड्याळबाईंना म्हणाल्या, “बाई, त्या नळाचं शेवटी काय झालं हो? घरी विचारतात मला.”

घड्याळबाईंनी काकूंना सांगून पाहिलं की तरीही बोला. हाताला कळतं, श्वासाला कळतं. काकू म्हणाल्या, ऐकू येत नाही त्या कानात बोलायचं म्हणजे वेड्यासारखं वाटतं. बाईंनी आग्रह केला नाही. पण त्यांच्या मनाला ते लागून राहिलं. खुबा वाचवण्यासाठी त्यांनी या बाईचं एकमेव काम काढून घेतलं होतं. काका तसेच पडून होते. पापण्या कधी हलायच्या, कधी नाही. डॉक्टर म्हणत, वाट बघायची. डॉक्टर असं म्हणतात तेव्हा त्यांनाही पुढचं माहीत नसतं, हे काकूंना एव्हाना कळलं असावं.

मग एका संध्याकाळी, रजेवरच्या सिस्टरच्या जागी थांबल्या असताना, शेजारच्या खाटेवर आलेल्या पेशंटची सलाईन बदलताना घड्याळबाईंना पडद्यापलीकडून काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, काकू रडताहेत. मग लक्षात आलं की त्या बोलताहेत, अगदी हळू, कुजबुजत. इतक्या दिवसांत काकूंचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. काकूंना असा आवाज आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

ऐकायचं नाही म्हणून त्या सलाईनचे थेंब मोजू लागल्या. तरी काही शब्द आलेच. काकू सांगत होत्या की तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलायचं, आणि भिंती पातळ. भाजी आणा म्हणून ओरडता येतं. बिल भरा म्हणून ओरडता येतं. बाकीचं कसं ओरडणार होते मी? पुढे आवाज आणखी खाली गेला. एका बाळाचा उल्लेख आला, जे राहिलं नव्हतं. त्या रात्री तुम्ही पाठ फिरवून झोपलात, डावा कान वर करून, आणि मला वाटलं, मुद्दामच. मी तेव्हाच बोलणार होते. इथपर्यंत ऐकल्यावर घड्याळबाई सलाईन अर्धवट सोडून बाहेर आल्या. सगळे थेंब चुकले होते. त्या हात धुवायच्या बेसिनपाशी गेल्या आणि हात स्वच्छ असतानाही पुन्हा धुतले.

धाकटी जवळून चालली होती. तिने विचारलं, काकांची खाट बघून येऊ का. बाई म्हणाल्या, जरा थांब.

त्यानंतर काकू रोज बोलू लागल्या. वॉर्डात कुणाला काही ऐकू यायचं नाही. पडद्याआडून नुसती एक बारीक सळसळ यायची, वर्तमानपत्र दुमडावं तशी. एकदा काकूंना हसताना मावशींनी ऐकलं आणि त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. वेळ संपल्याची सूचना झाली की पूर्वी काकू लगेच उठायच्या. आता त्यांना दोनदा सांगावं लागे.

खुब्यावरचा गोल आधी आकसला, मग फिका झाला. धाकटी पुन्हा एकदा सकाळच्या पाळीला आली होती तेव्हा अंग पुसताना तिनेच तिथे दाबून पाहिलं आणि घड्याळबाईंना बोलावलं. कातडी पांढरी पडली आणि हळूहळू भरून आली. मऊ होती, शेजारच्या जागेइतकीच कोमट. मग इन्चार्ज बाईंनी येऊन पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं, आणि डॉक्टर म्हणाले, “घड्याळ बरोबर चाललंय.” दुरुस्तीला गेलेली मोटर त्याच दिवशी आली, हीही एक गंमतच.

दुपारी काकू आल्या तेव्हा घड्याळबाई काकांपाशीच थांबल्या होत्या. धाकटीला शस्त्रक्रियेहून आलेल्या पेशंटने अडकवलं होतं. काका अजून उताणे होते.

“काकू, खुबा बरा झाला,” बाई म्हणाल्या. “आजपासून डावी कूस चालेल. थोडा वेळ, आणि आमच्या पद्धतीने. आता तुमचा कान वर.”

काकूंनी मान डोलावली. आनंद झाला म्हणाल्या, आणि त्यांनी चादर वर करून स्वतः खुबा पाहिलाही. पण चादर खाली करून पुन्हा नीट केली, जी आधीच नीट होती.

“आजच करायला हवं का?”

“म्हणजे?”

“नाही, म्हटलं, आणखी दोन-चार दिवस आहे तसंच राहू दिलं तर. घाई काय आहे.”

घड्याळबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी नजर चुकवली. नाही म्हणणं बाईंना जड गेलं, पण त्यांनी म्हटलं. इतके दिवस सगळा भार उजव्या बाजूने घेतलाय, काकू. तीही कूस आता थकलीय. तिथे डाग आला तर आपल्याकडे तिसरी बाजू नाही.

काकू काकांच्या उजव्या हाताला गेल्या आणि त्यांनी आपले हात ठेवले, एक खांद्याशी, एक कमरेमागे. बाई डाव्या बाजूला उभ्या राहिल्या, काका आपल्या अंगावर येतील ते सावकाश घ्यायला. उशी तयार होती. गुडघा उभा केला, हात छातीवर घेतला.

“तुम्ही म्हणाल तेव्हा,” बाई म्हणाल्या.

काकूंचे हात तिथेच होते. ते ढकलत नव्हते.

“एक मिनिट हं, बाई.”

त्या हात काढून, खाटेला वळसा घालून बाईंच्या बाजूला आल्या. बाई मागे सरल्या. काकू काकांच्या डाव्या कानावर वाकल्या आणि काहीतरी बोलल्या. फार नव्हतं. एखाददुसरं वाक्य असेल. घड्याळबाई मॉनिटरवरच्या हिरव्या रेषेकडे बघत उभ्या राहिल्या. तिच्यात काही फरक पडला नाही, आणि तो पडेल अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. तरी त्या बघत राहिल्या.

काकू पुन्हा आपल्या जागी गेल्या.

“हं. फिरवू या.”

काका वळले, हलके, न कुरकुरता. बाईंनी उशी तिरकी लावली, खुब्याखाली हात घालून भार कुठे येतोय ते पाहिलं, टाचा मोकळ्या केल्या. उजवा कान वर आला होता. एवढे दिवस उशीत राहून त्याच्या कडेला चादरीची एक घडी उमटली होती, काकूंनी ती अंगठ्याने चोळली. बाईंनी कानही नीट पाहिला. कातडी चांगली होती.

काकूंनी स्टूल ओढलं. घसा साफ केला. टेबलाशी पाळी बदलत होती आणि मावशी पिशवी खांद्याला लावून तिथे रेंगाळत होत्या. काकूंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, मग काकांच्या चेहऱ्याकडे. त्या पुढे वाकल्या, ओठ उजव्या कानाला लागतील इतक्या जवळ, आणि बोलू लागल्या.

घड्याळबाई पडद्याबाहेर आल्या, तेव्हा आतून मोठा आवाज येईल म्हणून त्या वाट बघत होत्या. आला नाही. तीच बारीक सळसळ होती.

शेजारची खाट रिकामी झाली होती. तिच्या डोक्याशी कुणीतरी प्राणवायूची तोटी तशीच उघडी ठेवून गेलं होतं, ती फुसफुसत होती. घड्याळबाईंनी जाऊन ती घट्ट बंद केली. मग टेबलाशी येऊन, पाळी सांगणाऱ्या सिस्टरना त्यांनी हातानेच खूण केली, जरा हळू बोला म्हणून.